रिफायनिंग सोपं केलं की भाव पडतात का? गिल्डमधला न संपणारा वाद

खाणीतला_उंदीर

आमच्या गिल्डमध्ये (ऑनलाइन गेम एकत्र खेळणाऱ्यांचा गट) हा वाद अधूनमधून पेटतोच. कोणीतरी म्हणतं रिफायनिंग (खनिज गाळून धातूचे बार पाडणं) सोपं करा राव, किती क्लिक, किती फेऱ्या, वैताग आलाय. लगेच दुसरा बोंबलतो की सोपं केलं तर बारचे भाव मातीत जातील, आम्ही काय करायचं मग. आणि मग व्हॉइस चॅटवर रात्रभर तेच.

मला दोघांचंही अर्धंच पटतं. कारण सोपं केलं म्हणजे नक्की काय केलं हे कोणी विचारतच नाही. वेळ वाचवला की माल वाचवला? या दोन्हीत बाजार वेगवेगळ्या बाजूला जातो.

आधी वेळेचं बघू. समजा पूर्वी भट्टीपाशी उभं राहून बार पाडत बसावं लागायचं, आता बँक भरून खनिज टाका, बटण दाबा, झालं. खनिज तेवढंच लागतंय, फक्त गाळणाऱ्याची मजुरी गेली. पूर्वी ज्याला कंटाळा यायचा तो खनिज तसंच विकायचा आणि ज्याला धीर होता तो खनिज आणि बार या दोन भावांमधला फरक खायचा. आता सगळेच गाळतात म्हटल्यावर तो फरक आटणार हे नक्की. पण फरक आटायला बारच खाली यायला पाहिजे असं कुठंय? खनिज वर चढलं तरी फरक आटतोच की! खनिजाचे दगड मोजके असतील, खणल्यावर उशिरा परत उगवत असतील, मारामारीच्या भागात असतील तर गाळणाऱ्याची गेलेली मजुरी सरळ खाणवाल्याच्या खिशात जाते आणि बार घेणाऱ्याला काहीच स्वस्त मिळत नाही. खनिज कोपऱ्याकोपऱ्यावर पडलं असेल तर मात्र बार खरंच पडतो.

आता माल वाचण्याचं. ऑल्बियन खेळणाऱ्यांना हे पाठ असेल. टी४ चा (चौथ्या पायरीचा) एक बार म्हणजे २ टी४ खनिज आणि १ टी३ बार. शहरात गाळलं की काही माल परत मिळतो, साध्या शहरात १५.२ टक्के, ज्या शहराचा त्या मालाला बोनस आहे तिथे ३६.७ (खनिजाला थेटफर्ड), आणि वरून फोकस (रोज मिळणारे खास पॉइंट) घातला तर ५३.९. परत आलेला माल पुन्हा भट्टीत घातला असं धरून १०० बारना लागणारं टी४ खनिज काढा. साध्या शहरात साधारण १७०, थेटफर्डला १२७, फोकससकट ९२. म्हणजे दोन खनिजांचा बार एका खनिजाच्याही आत पडतो!

आता समजा उद्या सगळ्यांनाच थेटफर्डचा दर सगळीकडे दिला. बार तेवढेच खपले तर खनिज पाव हिश्शाने कमी लागेल. इथे मार खाणवाल्याला बसतो. पहिल्या प्रकारात तो जिंकला होता, दुसऱ्यात तोच हरतो, आणि पॅच नोट्समध्ये (गेममधल्या बदलांच्या यादीत) दोन्ही बदलांवर एकच वाक्य असतं की "रिफायनिंग अधिक सुलभ केले आहे".

बोला मंडळी.

---

बाजारबुणगा

चांगला धागा. पण "बार तेवढेच खपले तर" हे जे तुम्ही हळूच घुसवलंय ना, सगळी गोम तिथेच आहे. बार तेवढेच का खपतील?

ओल्डस्कूल रूनस्केप या गेममधली ब्लास्ट फर्नेस नावाची खास भट्टी घ्या. साध्या भट्टीत स्टीलला २ कोळसे लागतात, मिथ्रिलला ४, अ‍ॅडमंटला ६, रूनला ८. ब्लास्ट फर्नेसमध्ये सरळ निम्मे. तुमच्या हिशेबाने कोळसा निम्म्यावर यायला पाहिजे. पण ती भट्टी नुसता कोळसा वाचवत नाही, वेगही भरपूर देते. पट्ट्यावर टाकलं की बार तयार, कोल बॅगमध्ये २७ कोळसे एक्स्ट्रा नेता येतात, आइस ग्लव्ज घातले की बार थंड व्हायची वाट बघायची नाही. तासाला कितीतरी जास्त बार पडतात. म्हणजे बारमागे कोळसा निम्मा, पण बार जर दुपटीच्या वर पडायला लागले तर एकूण कोळसा जास्तच लागणार. कोळशाचं काय होईल हे भट्टीकडे बघून सांगताच येत नाही, पुढे बार कोण खातंय ते बघावं लागतं.

आणि ही भट्टी फुकट नाहीये हे लोक विसरतात. ज्या वर्ल्डवर (सर्व्हरवर) गेममधले बुटके ती चालवतात तिथे कॉफरमधून, म्हणजे तुम्ही भरलेल्या पेटीतून, तासाला ७२,००० नाणी जातात. स्मिथिंगची (लोहारकामाची) लेव्हल ६० च्या खाली असेल तर फोरमनला, म्हणजे मुकादमाला, दर १० मिनिटांचे २,५०० वेगळे. म्हणजे "सोपं" करताना त्यांनी मजुरी काढून भाडं लावलं. बारच्या भावात ते भाडं बसतंच, त्यामुळे स्टीलसारख्या स्वस्त मालाला ते बोचतं आणि रूनला कळतही नाही.

---

शिकाऊ_लोहार

मला एक कळत नाही एवढं कशाला डोकं लावायचं. मी खनिज स्वतः खणतो स्वतः गाळतो, मला बार फुकट पडतो, भाव कितीही पडला तरी मी फायद्यातच ना?

---

बाजारबुणगा

आला रे आला, फुकटवाला आला 😂

भावा, ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये यावर जुना जोक आहे, "मी खणलेली खनिजं फुकट असतात". तू खणलेलं खनिज त्याच क्षणी बाजारात विकता आलं असतं. ते न विकता तू गाळलंस म्हणजे तू ते स्वतःकडूनच बाजारभावाने विकत घेतलंस. बार विकून त्यापेक्षा कमी आले तर गाळण्यात तू तोट्यात, खणण्यात भले फायद्यात असशील. दोन धंद्यांच्या वह्या वेगळ्या ठेव.

आणि तुझ्यासारखे हजार जण असतात म्हणूनच गाळणं सोपं झालं की फरक शून्यावरच थांबत नाही, शून्याच्याही खाली जातो. कारण प्रत्येकाला फुकट पडत असतं.

---

शिकाऊ_लोहार

पण मला गाळायला मजा येते त्याचं काय

---

सोनसाखळी

वरच्या प्रश्नात खरंतर सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि त्यावरून नुसती चेष्टा चाललीये, म्हणून लिहिते.

खनिज स्वस्त आणि बार महाग हे तुम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलंय. रूनस्केपमध्ये सोन्याचं बघा. गोल्ड ओअर बऱ्याच वेळा गोल्ड बारपेक्षा महाग असतं. म्हणजे लोक विकत घेऊन, राबून, तोट्यात विकतात. का? कारण साध्या हातांनी सोनं गाळलं तर बारमागे २२.५ एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) आणि गोल्डस्मिथ गॉंटलेट्स घातले की ५६.२. ब्लास्ट फर्नेसमध्ये एवढ्या वेगाने स्मिथिंग वाढवायला सोन्यासारखं दुसरं फारसं काही नाही. म्हणजे तिथे बार हा माल नाहीच, तो उरलेला चोथा आहे. खरा माल लेव्हल आहे आणि ती बाजारात विकता येत नाही, म्हणून तिची किंमत सोन्याच्या खनिजावर चढते आणि बारवर उतरते.

अशा ठिकाणी गाळणं अजून सोपं केलं तर बारचा भाव तर पडेलच, पण ते तुम्ही सांगताय त्या कारणाने नाही. लोक तासाला जास्त खनिज जाळतील, खनिज चढेल, बार ढिगाने पडतील आणि तोटा वाढेल. तोटा वाढत वाढत तिथवर जाणार जिथे लोक म्हणतील की बाबा एवढ्या नाण्यांना एवढी एक्सपी नको, दुसरा मार्ग बघू. भाव तिथे थांबतो. मजुरी उणे असलेला धंदा, प्रत्यक्षात असं कुठे बघायला मिळत नसेल.

मी सोन्याच्या बारच्या बाय ऑर्डर लावून ठेवते आणि दागिने करून विकते. एक्सपीवाल्यांचा चोथा माझा कच्चा माल. त्यांनी भट्टी अजून सोपी केली तर मी खूशच.

---

धुळाक्षर

+१ सोनसाखळी. वाचतोय.

---

जिटाचा_हमाल

मी ईव्हमधला, त्यामुळे थोडं लांबण लागेल, माफी असावी.

आमच्याकडे हा प्रयोग उलट्या बाजूने झालेला आहे, म्हणजे गाळणं अवघड केलं गेलं. २०१४ च्या आधी कुठलीही बंदूक, मॉड्यूल, जे काय असेल ते वितळवलं की स्किल पुरेसं असेल तर त्यातली खनिजं पूर्ण परत मिळायची. आता याचा फायदा लोकांनी काय घेतला बघा. ४२५ मिमी रेलगन नावाची तोफ आहे, तिच्यात जेवढी खनिजं असतात त्या खनिजांपेक्षा ती स्वतः कितीतरी कमी जागा घेते. मग लोक जिटात (ईव्हमधली सगळ्यात मोठी बाजारपेठ) खनिज घेऊन रेलगन बनवायचे, जहाजात कोंबायचे, लांब नलसेकमध्ये (जिथे पोलीस नसतात त्या भागात) नेऊन वितळवायचे आणि खनिज परत काढायचे. तोफ एकानेही चालवायची नाही! ती नुसती पेटी होती. २०१४ च्या उन्हाळ्यात हे बंद केलं, मॉड्यूल आणि जहाजं वितळवली तर जास्तीत जास्त ५५ टक्के परत, आणि त्याच्या बदल्यात खनिजाचे दगडच दाबून लहान करण्याची सोय नीट केली.

या एका बदलाने किती जणांचे धंदे हलले ते बघा. मिशन करणारे लोक मेलेल्या शत्रूंचं भंगार गोळा करून वितळवायचे, त्यांचं भंगाराचं उत्पन्न जवळपास निम्म्यावर. रेलगन बनवणाऱ्यांचा खप गेला. खाणवाल्याचा प्रतिस्पर्धी मात्र कमी झाला, कारण भंगारातून येणारं खनिज आटलं. म्हणजे वितळवणं सोपं असतं तेव्हा खाणवाल्याची स्पर्धा दुसऱ्या खाणवाल्याशी नसतेच फक्त, ती जगातल्या प्रत्येक वितळवता येणाऱ्या वस्तूशी असते. हा मुद्दा वर कोणीच घेतला नाही. गाळणं म्हणजे खनिजातून बार एवढंच नाही हो, सोडवणं, तोडणं, वितळवणं सगळं त्यातच येतं.

याच्याही आधी ड्रोनच्या भागात ड्रोन मारले की पैसे न मिळता मिश्रधातू मिळायचे, ते वितळवले की सरळ खनिज. म्हणजे बंदुकीने खाणकाम. २०१२ ला ते काढून ड्रोनवर बक्षिसाचे पैसे लावले आणि त्या सुमारास खनिजं चढली. अर्थात त्याच वर्षी जिटात मालवाहू जहाजं जाळण्याचा मोठा उद्योगही झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय एकाच गोष्टीला देणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

---

खाणीतला_उंदीर

वा! हे भंगाराचं खरंच डोक्यात नव्हतं. पण मग एक सांगा, वितळवून पूर्ण माल परत मिळत असेल तर खनिजाच्या भावाला छप्पर लागत असेल ना? म्हणजे खनिज फार महागलं की लोक जुनी जहाजं वितळवायला काढणार.

---

जिटाचा_हमाल

हो, बरोबर. तेव्हा बनवलेल्या मालाचा भाव आत असलेल्या खनिजाच्या खाली जाऊच शकत नव्हता, गेला की कोणीतरी घेऊन वितळवायचा. दोन्ही एकमेकांना बांधलेले. ५५ टक्के केलं की दोरी सैल झाली, आता जहाज किंवा मॉड्यूल आतल्या खनिजाच्या बरंच खाली विकलं जाऊ शकतं आणि जातंही.

आणि तळ पण होता, तो तर भन्नाटच. जहाजाचा विमा. विम्याची रक्कम पूर्वी ठरलेली असायची, बाजारभाव काहीही असो. मग खनिज फार स्वस्त झालं की लोक बॅटलशिप बनवायचे, विमा काढायचे आणि स्वतःच उडवून टाकायचे, कारण विमा खर्चापेक्षा जास्त मिळायचा. त्यामुळे खनिजाला खाली फरशी होती आणि ती फरशी गेमच्या तिजोरीतून चालत होती. २०१० मध्ये विमा बाजारभावाशी जोडला तेव्हा ते थांबलं.

---

बाजारबुणगा

रूनस्केपमध्ये ही फरशी अजूनही आहे, हाय अल्केमी, म्हणजे वस्तूची नाणी करणारी जादू. अ‍ॅडमंट प्लेटबॉडीवर जादू टाकली की ९,९८४ नाणी मिळतात, एकीला ५ बार लागतात. म्हणजे एका बारच्या वाट्याला २ हजारांच्या जरा आत, त्यातून त्या जादूला लागणाऱ्या नेचर रूनचा वाटा वजा करा. अ‍ॅडमंट बारचा भाव या आकड्याच्या आसपास का घोटाळतो हे आता कळेल. ब्लास्ट फर्नेस उद्या दहापट सोपी केली तरी बार त्याच्या फार खाली जात नाही, गेला की प्लेटबॉडी बनवून जाळणारे तयारच असतात.

पण यात खरी भानगड पुढे आहे आणि धागाकर्त्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. भाव पडला नाही म्हणजे काही झालं नाही असं नव्हे. जास्त बार, जास्त प्लेटबॉडी, जास्त जादू, म्हणजे हवेतून जास्त नाणी. ती नाणी कुठेतरी जाणारच ना, ती जातात ज्या वस्तू वाढत नाहीत त्यांच्या मागे. लोहाराचा बार जिथल्या तिथे आणि ज्याला बारशी घेणंदेणं नाही त्याचं बॉसचं दुर्मिळ हत्यार महाग. रिफायनिंग सोपं केल्याचा परिणाम शोधायचा तर बारच्या आलेखात शोधून सापडायचा नाही अशी गत. म्हणून नाणी बाहेर काढणारी गोष्ट लागते, ग्रँड एक्स्चेंजवर (रूनस्केपचा बाजार) २०२१ च्या डिसेंबरात विक्रीवर १ टक्का कर आला, पुढे तो २ टक्के झाला, त्या पैशातला काही भाग वापरून ते बाजारातल्या वस्तू विकत घेऊन नष्टही करतात.

---

सोनसाखळी

त्या कराने बाय द वे फरक कधीच पूर्ण आटत नाही. खनिज घेऊन बार विकणाऱ्याला विकताना २ टक्के जाणार, त्यामुळे दोन भावांत तेवढी फट राहतेच, एक्सपीवाले आले नाहीत तर. ऑल्बियनमध्ये ती अजून मोठी, प्रीमियम (विकतचं सदस्यत्व) असेल तरी विक्रीवर ४ टक्के, शिवाय ऑर्डर लावायचे २.५. नुसता फरक बघून "अजून मार्जिन आहे" म्हणून उड्या मारणारे इथेच आपटतात.

---

अर्धवट_अल्केमिस्ट

सगळं ठीक आहे पण ऑल्बियनच्या फोकसबद्दल एक. उंदीरभाऊंनी फोकसचं उदाहरण दिलं खरं पण फोकस सगळ्यांना सारखा नाही. प्रीमियमवाल्याला रोज १०,००० मिळतो, साठवायची मर्यादा ३०,०००, आणि स्पेशलायझेशन जितकं जास्त तितका एका बारला कमी फोकस जातो. म्हणजे जुना, सगळं वाढवलेला लोहार तेवढ्याच फोकसमध्ये कितीतरी जास्त माल काढतो.

मग बाजारभाव कोण ठरवतं? शेवटचा गाळणारा, ज्याचा माल नसेल तर बाजाराची गरज भागत नाही तो. फोकसवाल्यांचा माल पुरत असेल तर भाव ९२ खनिजांच्या हिशेबाकडे सरकतो आणि बिनफोकसवाला १२७ घालून बसलेला तोट्यात. पुरत नसेल तर भाव १२७ कडे आणि फोकसवाल्याची चंगळ. नवीन माणूस थेटफर्डला जातो, बिनफोकस गाळतो, हिशेब जमत नाही, म्हणतो गेम तुटलाय. गेम तुटला नाहीये, तू त्या शेवटच्या गाळणाऱ्याच्याही मागे आहेस इतकंच.

म्हणून "सोपं करा" मागणाऱ्या नवीन लोकांना मला सांगावंसं वाटतं की सोपं करणं बहुतेक वेळा जुन्यांच्याच पथ्यावर पडतं, ज्यांच्याकडे आधीच साठा, अल्ट (जास्तीची पात्रं), प्रीमियम आहे त्यांच्या. तुमचे क्लिक वाचतील, त्यांचे तुमच्यापेक्षा जास्त वाचतील.

---

खाणीतला_उंदीर

हे मला पटत नाही. क्लिक लागत होते तोपर्यंत तरी नवीन माणसाला वेळ विकता येत होता असं म्हणायचंय का तुम्हाला? म्हणजे कंटाळा हाच त्याचा रोजगार?

---

अर्धवट_अल्केमिस्ट

हो. अगदी तेच म्हणायचंय. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याच्याकडे विकायला कंटाळाच असतो. तो गेममधून काढून टाकलात तर त्याला खाणीत पाठवावं लागेल.

---

सोनसाखळी

आणि तो कंटाळा बॉट (आपोआप खेळणारा प्रोग्रॅम) त्याच्यापेक्षा स्वस्तात विकतो त्याचं काय? पाच क्लिकांचं गाळणं हे बॉटसाठी सगळ्यात सोपं काम, एका जागी उभं राहायचं, बँक, भट्टी, बँक, भट्टी. नवीन माणसाचा रोजगार वगैरे कागदावर, प्रत्यक्षात ती मजुरी बॉटनी कधीच पाडलेली असते. तिथे गाळणं सोपं केलं तर बॉटचा धंदा जातो, माणसाचा नाही.

---

अर्धवट_अल्केमिस्ट

मग बॉट खाणीत जातील. आणि खनिज पाडतील.

---

सोनसाखळी

खाणीत माणसं एकमेकांना दिसतात, रिपोर्ट करतात, काही गेममध्ये मारतातही 🙂 भट्टीपाशी कोणाचं लक्ष नसतं.

---

शिकाऊ_लोहार

ओके मोठ्या लोकांचं भांडण चालू द्या, मला साधं सांगा. माझ्याकडे बार साठलेत बरेच, खनिज पण आहे. पॅचमध्ये गाळणं सोपं होणार अशी कुजबुज आहे सर्व्हरवर. विकू का ठेवू?

---

बाजारबुणगा

कुजबुज आहे म्हणजे अर्ध्या सर्व्हरने आधीच विकलेत किंवा घेतलेत. भाव पॅचच्या दिवशी हलत नाही, बातमी फुटते त्या दिवशी हलतो आणि पॅचच्या दिवशी बऱ्याचदा थोडा उलटा येतो कारण साठेबाज तेव्हा माल ओततात. त्यामुळे घाबरून आज सगळं टाकू नकोस.

आधी बातमीत काय आहे ते नीट वाच. वेळ वाचणार असेल तर बार सोड, खनिज धर. माल वाचणार असेल तर खनिज आधी सोड. आणि कोळशासारखी बाजूची वस्तू लागत असेल तर तिच्याकडे बघ, तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

---

शिकाऊ_लोहार

बातमीत लिहिलंय "आता एकावेळी जास्त खनिज टाकता येईल आणि काही माल परत मिळण्याची शक्यता वाढेल"

---

बाजारबुणगा

म्हणजे दोन्ही 🤦

---

जिटाचा_हमाल

मग हा बार पुढे कुठे जळतो ते सांग. जहाजं, हत्यारं तुटतात का तुमच्या गेममध्ये, की एकदा बनवलं की कायमचं?

---

शिकाऊ_लोहार

मेलं की तुटतं. दुरुस्तीलाही बार लागतात.

---

जिटाचा_हमाल

मग थोडे बार ठेव. हत्यार स्वस्त झालं की लोक बिनधास्त लढतात, जास्त मरतात, खप वाढतो, पण त्याला वेळ लागतो, पहिले काही आठवडे नुसता माल साचलेलाच दिसेल. खनिज मात्र आत्ताच निम्मं विकून टाक, कुजबुजीवर चढलेलं असेल.

---

खाणीतला_उंदीर

निम्मं का? माझ्या हिशेबाने दोन बदल एकमेकांना कापतात. परत मिळण्याचा दर किती टक्क्याने वाढतोय तो आकडा आला की सांग रे, मी बसतो कॅल्क्युलेटर घेऊन.